शिंगावरचा डाग

शिंगानं माझा डोळा घेतला, असं आमच्या गल्लीत अजून बोललं जातं. साफ खोटं. मेलेल्या म्हशीचं शिंग कुणाला मारायला येत नाही. माझा डावा डोळा गेला तो माझ्या थोरल्या दिरामुळं, आणि हे मी शांतपणे सांगतेय असं कुणी समजू नये. रागानंच सांगतेय. राग गिळून मोठं मन दाखवणाऱ्या बायका असतील कुठं कुठं, मी त्यातली नाही.

मी शाळेत चित्रकला शिकवते. शिंगांच्या नादी लागले ती आमच्या तालमीमुळं. शिवजयंतीच्या मिरवणुकीत मर्दानी खेळ करणारी पोरं कमरेला बारुदीची शिंगं लटकवायची. ठासणीच्या बंदुकीची बारूद कोरडी राहावी म्हणून पूर्वी ती शिंगात ठेवत. रुंद तोंडाला लाकडी बूच, ते लाखेनं पक्कं बसवलेलं, आणि निमुळत्या टोकाला भोक पाडून त्यात दट्ट्या. आमच्या पोरांची शिंगं मात्र पुठ्ठ्याची, वरनं काळा रंग. एका वर्षी ऐन मिरवणुकीत एकाचं शिंग घामानं भिजून फाटलं आणि पांढऱ्या सुरवारीवर काळा ओघळ आला. सगळी गल्ली पोट धरून हसली. मला काही हसू येईना. मी नवऱ्याला म्हटलं, "खरी शिंगं करायला काय झालं? मी करतो."

"घरात?" नवऱ्यानं विचारलं.

"मग काय भवानी मंडपात?"

घरात शिंग करणं हे वाटतं तितकं सोपं नाही, आणि ज्यांना सोपं वाटतं त्यांनी माझ्या दाराशी येऊ नये. कच्चं शिंग आणलं की आत हाड असतं. ते सुटं व्हायला शिंग पाण्यात मुरवावं लागतं. पहिल्यांदा बादली गच्चीत ठेवली तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकू नाकाला पदर लावून वर आल्या आणि म्हणाल्या, "वर काय मेलंय काय गं?" उकळताना तर केस जळल्यासारखा वास सुटतो. त्यासाठी वेगळं पातेलं ठेवलं आणि त्याच्या कडेला लाल रंग फासला, म्हणजे चुकून कुणी त्यात चहा टाकू नये. तापवून मऊ केलेलं शिंग गोल ठोकळ्यावर दाबून बसवायचं असतं. काही जण त्यासाठी तेल तापवतात, आणि शिंगात थोडा जरी ओलावा राहिला असला तर ते तेल सरळ अंगावर येतं. मी तेलाच्या वाटेला गेलेच नाही, पाण्यावरच भागवलं.

सगळ्यात वाईट ती भुकटी. कानस मारताना पिठासारखी मऊ भुकटी पडते, दिसायला अगदी गरीब, पण छातीत गेली की सहजी निघत नाही. म्हणून शिंग ओलं ठेवून घासायचं, तोंडाला मास्क, डोळ्याला गॉगल, आणि नंतर केरसुणी नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं. कपडे बदलल्याशिवाय स्वयंपाकघरात पाय टाकायचा नाही. नवरा फौंड्रीत कामाला आहे. तो आधी हसायचा, "काय चंद्रावर चाललीस काय?" पण स्वतःच दुकानातनं चांगला मास्क आणि दोन्ही बाजूंनी बंद असलेला गॉगल घेऊन आला. फौंड्रीतल्या माणसाला डोळ्याची किंमत सांगावी लागत नाही.

तर अशी मी काळजी घेणारी बाई. माझ्या शिंगांवर वेलबुट्टी कोरलेली असायची, तालमीतली पोरं ती मिरवायची, आणि वर्षानुवर्षं माझ्या बोटाला साधा चरका बसला नव्हता.

आता थोरले भावजी. घरातले थोरले म्हणून घराण्याची हत्यारं त्यांच्याकडं. तलवारी, पट्टा, कट्यारी आणि बारुदीच्या जुन्या शिंगांची एक जोडी, काळी, गुळगुळीत, तोंडाला पितळेची पट्टी. दर शिवजयंतीला शाहूपुरीत एका हॉलमध्ये ते या सगळ्याचं प्रदर्शन भरवतात. फेटा, मिशी आणि आवाज, तिन्ही भरपूर. ते बोलायला लागले की शेजारच्या गल्लीतली कुत्री गप्प बसतात. मला त्यांचं कौतुकच होतं, खोटं कशाला बोलू.

खंडेनवमीला या हत्यारांची पूजा होते. ती पुरुषांनी करायची, दार लोटून. आम्ही बायकांनी नैवेद्याचं ताट उंबऱ्यापर्यंत न्यायचं आणि माघारी यायचं. आत काय चालतं ते आम्ही कधी विचारलं नाही. गंध, फूल, हळदकुंकू, दुसरं काय असणार?

प्रदर्शनाला थोडे दिवस उरले असताना भावजी जोडीतलं एक शिंग घेऊन आले. लाख सुकून बूच हलायला लागलं होतं. मी शिंग हातात घेऊन हलवलं. आत काही वाजलं नाही.

"आत काय हाय का?" मी विचारलं.

"काय असणार? रिकामं हाय. आमच्या आज्ज्याच्या आधीपास्नं कुणी वापरलंय ते?"

"तरी रातभर कोमट पाणी घालून ठेवतो. आत काय चिकटलं असंल तर निघून जाईल."

"वेळ न्हाय गं बाई. प्रदर्शनाच्या पत्रिका वाटून झाल्यात. मी घरातला थोरला सांगतोय न्हवं, रिकामं हाय म्हणून?"

घरातल्या थोरल्यानं असं म्हटल्यावर पुढं बोलायची आमच्याकडं रीत नाही. मी गॅस बारीक केला, मास्क चढवला, गॉगल लावला. भावजींनी मोबाईल काढला. प्रदर्शनात दाखवायला व्हिडिओ हवा होता त्यांना. आणि मग म्हणाले, "हे काय सोंग? शिवकाळात गॉगल हुता काय? काढ ते. तोंड दिसू दे की जरा."

"भावजी, लाख तापणार हाय."

"लाखच हाय न्हवं? त्वाफ न्हाय. काढ."

काढला. बुचाची कड आचेवर धरली. लाख चकाकायला लागली, मी वाकून बघितलं, आणि फुस्स झालं. आवाज मोठा नव्हता, कुकरची शिट्टी सुटताना होतो तेवढाच. बूच उडून भिंतीवर आदळलं आणि त्याच्याबरोबर वितळलेली लाख माझ्या गालावर आणि डोळ्यात आली. मी ओरडले तेही मला कळलं नाही. बाहेरच्या खोलीतनं धावत आलेल्या नवऱ्यानं मला नळाखाली धरलं आणि गाडी येईपर्यंत सोडलं नाही. भावजी कुठं होते? ते फरशीवरनं शिंग उचलत होते. फुटलं तर नाही ना, ते बघत होते.

मिरजेच्या डॉक्टरांनी हात टेकले. डाव्या डोळ्याला आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. एक डोळा म्हणजे निम्मं दिसतं असं लोकांना वाटतं. तसं नाही. अंतर कळत नाही. चहा ओतताना किटलीची चोच कपाच्या कडेला टेकवावी लागते, नाहीतर चहा बशीत. कानस शिंगावर मारायची तर अंगठ्यावर बसते. वर्गात मी मुलांना शिकवते की लांबची वस्तू लहान काढा आणि जवळची मोठी, आणि स्वतः जिना उतरताना शेवटची पायरी पायानं चाचपते. कोरायचं काम तर सुटलंच.

आणि दवाखान्यात, पट्टी बांधून पडलेली असताना, दाराबाहेर पाहुण्यांना सांगणारा तो खणखणीत आवाज मी ऐकला. "गॅस मोठा केला हो तिनं. बायकांचं काम न्हाय हे. मी सांगत हुतो. गॉगलसुद्धा घातला न्हवता बघा!"

गॉगलसुद्धा घातला नव्हता! उठून त्यांच्या तोंडावर सलाईनची बाटली फोडावी असं वाटलं मला. आणि तो व्हिडिओ? तो म्हणे गडबडीत पुसला गेला. बरा पुसला गेला!

तरी तेव्हा मला वाटत होतं की लाखेतच काहीतरी भेसळ असेल. खोटं सांगितलं असेल असं मनाला शिवलं नाही. पट्टी बांधूनच मी प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी शाहूपुरीला गेले. ते शिंग काचेत मांडलं होतं. रुंद तोंडापासून वर, पंज्याएवढा तपकिरी-काळा डाग पसरला होता, पितळेची पट्टी एका बाजूनं निळी पडली होती. समोर भावजी फेटा बांधून उभे, आणि शाळेच्या मुलांना सांगतायत, "हा डाग बघा पोरांनो. लढाईतला हाय. आमच्या पूर्वजाच्या कमरेला असताना गोळी लागली आणि बारूद पेटली."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या डोळ्याची लढाई झाली होती, आणि त्यात माझं नावनिशाण नव्हतं. मी तिथंच काही बोलले असते, पण नवऱ्यानं दंड धरला आणि म्हणाला, "चल. आता नको." मी गेले. पण "आता नको" एवढंच मी ऐकलं होतं, "कधीच नको" असं कुणी म्हणालं नव्हतं.

मग त्याच वर्षीची खंडेनवमी आली. नैवेद्याचं ताट घेऊन मी उंबऱ्याशी गेले. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्ती म्हणतो, दाराशी पाटावर बसल्या होत्या. आत पुरुषांचं चाललं होतं. मी आपलं सहज म्हटलं, "एवढा वेळ काय करत्यात हो आत?"

आत्ती म्हणाल्या, "शिंगं भरत असंल थोरला. चिमूट चिमूट बारूद घालायची असती की. पूजेला शिंग रिकामं ठिवत न्हाईत."

ताट मी उंबऱ्यावर टेकवलं. "दरवर्षी?"

"दरसाल. आधी तुझं मामंजी घालायचं, आता हा घालतोय." बोलता बोलता म्हातारी माझ्या तोंडाकडं बघायला लागली. तिच्याही डोक्यात उजेड पडला असावा. तिनं पदर तोंडाला लावला.

दरसाल एक चिमूट. मागची कधी काढत नव्हते. दमट हवेत ती आत चिकटून बसायची, म्हणून तर हलवल्यावर वाजली नाही. आणि हे सगळं स्वतःच्या हातानं करणारा माणूस माझ्या ओट्याशी उभा राहून म्हणाला होता, रिकामं हाय. विसरला असेल? चिमटीनं काय होतंय असं वाटलं असेल? असेलही. पण नंतर तर कळलं होतं ना! नंतर कळूनही त्यानं सगळ्या पाहुण्यांत माझी अक्कल काढली. त्या दिवसापासून मी त्यांना कुठल्याच नात्यानं हाक मारली नाही.

मी कुणाला काही बोलले नाही. आत्तीही बोलल्या नाहीत. बोलले असते तर काय झालं असतं? त्यांनी आवाज चढवला असता, चार माणसं त्यांच्या बाजूनं, दोन माझ्या, आणि शेवटी "जाऊ दे आता, झालं ते झालं." मला झालं ते झालं नको होतं. मला त्यांच्या तोंडून हवं होतं. मी वाट बघत बसले. माझ्यात एवढा दम आहे हे मलाच माहीत नव्हतं.

पुढची शिवजयंती जवळ आली आणि जोडीतल्या दुसऱ्या शिंगाचंही बूच हलायला लागलं. हलणारच होतं, लाख दोन्हींची एकाच वयाची. बाहेरगावचे कुणी मोठे अभ्यासक प्रदर्शन बघायला येणार होते आणि तुटकं शिंग मांडायची थोरल्यांना लाज वाटत होती. बाहेरच्या कारागिरांनी जुन्या शिंगाला हात लावायला नकार दिला. शेवटी त्यांनी नवऱ्याकरवी विचारलं, तिला जमंल काय?

"जमंल की," मी निरोप दिला. "पण काम तुमच्या सोप्यात करणार. तालमीतल्या सगळ्यांना बोलवा. शिकू देत पोरं."

थोरले खूश झाले. त्यांना वाटलं मी नमले.

त्या संध्याकाळी त्यांच्या घराचा पुढचा सोपा माणसांनी भरला होता. तालमीतली पोरं, वस्ताद, घरची माणसं, भिंतीला टेकून आत्ती. मी छोटी शेगडी मांडली, पितळेची परात मांडली, शेजारी कोमट पाण्याचा तांब्या ठेवला. मास्क लावला, गॉगल लावला. या वेळी तो काढायला कुणी सांगितलं नाही.

"आत काय हाय का?" मी विचारलं. अगदी त्याच शब्दांत.

ते माझ्याकडं बघायला लागले. मला दिसत होतं त्यांच्या मनात काय चाललंय. "आहे" म्हटलं तर पहिल्या शिंगातही होती हे कबूल. आणि "नाही" म्हटलं तर मी पुन्हा आचेवर वाकणार. एकच डोळा उरला होता माझा, आणि निवड त्यांची होती.

"रिकामं हाय," ते म्हणाले.

म्हणाले हो! सगळ्यांसमोर, माझ्या उरलेल्या डोळ्यात बघून म्हणाले. तोवर माझ्या मनात कुठंतरी त्यांच्यासाठी एक कोपरा शिल्लक असेल, तर तो तिथंच बंद झाला.

"मग आधी पाणी घालूया," मी तांब्या उचलला.

"पाणी नको. पाण्यानं शिंग खराब हुतंय."

"म्हशीच्या डोक्यावर ते पावसातच वाढतंय की," मी म्हटलं. पोरं हसली. वस्तादही हसले. थोरल्यांचा चेहरा लाल झाला.

"बरं, ऱ्हायलं पाणी," मी तांब्या खाली ठेवला. "मला एका डोळ्यानं अंतर कळत न्हाय. तुम्हीच धरा शिंग. मी शेगडी पेटवतो. जरा तोंड जवळ न्या, लाख कधी चकाकती ते बघायला लागतंय." आणि शिंग त्यांच्या हातात देऊन मी शेगडीच्या बटणाकडं हात नेला. बटण फिरवणार नव्हतेच. पण ते त्यांना कुठं माहीत होतं?

"नको!" ते ओरडले. "अगं नको, नको, थांब!" आणि शिंग छातीपासून लांब धरून भिंतीपर्यंत मागं सरकले.

भिंतीकडून आत्तींचा आवाज आला, "का रं नको?"

त्यांनी शिंग आणखी लांब धरलं.

"रिकामं हाय न्हवं? मग का नको?"

आत्ती उठल्या, गुडघ्यावर हात ठेवत ठेवत आल्या, लेकाच्या हातातनं शिंग घेतलं आणि माझ्यापुढं धरलं. "घाल पाणी."

मी टोकाचा दट्ट्या काढून पाणी ओतलं. थोडा वेळ तसंच धरून ठेवलं, मग परातीत उपडं केलं. काळं पाणी आलं. आधी धार, मग गढूळ गोळे, पिवळ्या पितळेवर काळेकुट्ट. गंधकाचा वास सोप्यात पसरला. तालमीतल्या माणसांना बारुदीचा वास ओळखायला शिकवावं लागत नाही. माझा नवरा भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. त्याला भावाकडं बघवत नव्हतं.

"पयल्यातबी असंच हुतं?" आत्तींनी विचारलं. थोरल्यानं मान खाली घातली. त्या माउलीनं मग माझा गॉगल वर केला, माझ्या डाव्या डोळ्यावर तळवा ठेवला आणि तशीच उभी राहिली. त्या क्षणी मला रडू आलं. तेवढंच.

दुसऱ्या दिवशी ते घरी आले. चुकलं म्हणाले. बायको-पोरांची शपथ घेतली, पाया पडायला वाकले. "तू म्हणशील ते करतो," म्हणाले. मी चहा केला, किटलीची चोच कपाला टेकवून ओतला, त्यांच्या डोळ्यांदेखत. माफ केलं नाही. का करावं? डोळा काय माफीनं परत येतोय? मी म्हटलं, "प्रदर्शन भरवा. पयलं शिंग मांडा. आणि डागाचं कुणी विचारलं की खरं सांगा. जो विचारील त्याला. आत्ती खुर्ची टाकून ऐकायला बसतील." आत्तींनी आधीच हो म्हटलं होतं.

शिवजयंतीला शाहूपुरीच्या हॉलबाहेर रांग लागली होती. शाळेची मुलं, खेड्यातनं आलेली माणसं, ते बाहेरगावचे अभ्यासक. काचेमागं फेटा बांधून ते उभे होते, शेजारी खुर्चीत आत्ती. मी रांगेत उभी राहिले. नंबर आल्यावर काचेवर बोट ठेवलं आणि साऱ्या हॉलला ऐकू जाईल असं विचारलं, "पावणं, हा डाग कसला हो?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग आत्तींकडं.

"बारूद पेटली हुती."

"कुणी ठेवली हुती?"

"मी."

"आणि मग?"

"भावाच्या बायकोचा डोळा गेला." तो मोठा आवाज कुठं गेला होता कोण जाणे. मागच्या मुलांनाही नीट ऐकू आलं नाही.

"अरेरे," मी म्हणाले, आणि परत रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिले.